कुराणाचं जुनं पान वाचायला शिकताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

मी या वाटेला मोडीमुळे लागले. पेशवाई पत्रांवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं साल असतं. म्हणजे शुहूर सन (पेशवाई पत्रांतली कालगणना) 1161, पानिपतचं साल. आकडे अरबी, महिने अरबी आणि मी त्यांच्यावर नुसता बोट फिरवून पुढे जायचे. एकदा वाटलं, मुळातून थोडी अरबी लिपी शिकावी. लिपी शिकायला कुराणाइतकं हाताशी असलेलं पुस्तक दुसरं नाही. मग प्रश्न सुरू झाला, की हा मजकूर चौदाशे वर्षं टिकला तो कसा.

इंटरनेटवर शोधलंत तर दोन बाजू तावातावाने भांडताना दिसतील. एक म्हणते, टिंबसुद्धा बदललेलं नाही. दुसरी म्हणते, येमेनमध्ये पानं सापडली आणि सगळं उघडं पडलं. जुन्या प्रतीचं एक पान नीट पाहिलं की दोन्ही बाजू लंगड्या वाटायला लागतात. सर्वांत जुन्या पानांवर मुळात टिंबंच फार थोडी आहेत. आणि येमेनच्या पानांबद्दल बोलणाऱ्या बहुतेकांनी त्यांतली एक ओळही वाचलेली नसते.

मला हे कळायला दोन वर्षं लागली, कारण मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे जवळ ठेवा

- आपल्याकडे मिळणारी छापील अरबी प्रत (मुसहफ), शक्यतो पंधरा ओळींची. ती ठेवायला रेहल.
- मदिन्याची 604 पानी प्रत. मोबाइलवर चालेल.
- अरबी मजकूर समोर असलेला मराठी अनुवाद. नुसता अनुवाद असेल तर पाठभेद कुठे आहे ते कळणारच नाही.
- शंभर पानी वही आणि पेन्सिल.
- मोठा स्क्रीन. जुनी पानं मोबाइलवर पाहू नका, डोळे जातात आणि हाती काही लागत नाही.
- एक हाफिज, म्हणजे ज्यांना सगळं कुराण पाठ आहे असे. हे 'असल्यास बरं' या यादीत नाही, अत्यावश्यक या यादीत आहे.

देवनागरीत छापलेल्या अरबी पाठावर अवलंबून राहू नका. 'कल्ब' एका 'क'ने हृदय होतं आणि दुसऱ्या 'क'ने कुत्रा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. 'स'चे तीन आणि 'ज'चे चार उच्चार असेच एकात कोंबलेले असतात.

1. आधी ऐका, मग वाचा

मी आधी वाचायला बसले, आणि ते चुकलं. कुराण हा पठणाचा ग्रंथ आहे. नावाचा अर्थच पठण. कागद या परंपरेत पहिल्यापासून आहे, पण पठणाच्या जोडीने. कागद चुकला तर पाठ करणारा सांगतो, पाठ करणारा चुकला तर कागद सांगतो. हे दोन दोर एकमेकांना कसे धरून आहेत ते पाहिल्याशिवाय पुढचं काहीही कळत नाही.

म्हणून जवळच्या मदरशात जा. आधी कुणाच्या तरी ओळखीने विचारून जा, सकाळची वेळ मागा. मी गेले तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा हाफिजसाहेबांपुढे बसून डोलत म्हणत होता. रोजचे तीन हिस्से असतात: नवा धडा म्हणजे सबक, अलीकडच्या धड्यांची उजळणी म्हणजे सबकपारा आणि जुन्या पाठांतराची फेरी म्हणजे आमुख्ता. हाफिजसाहेब दुसऱ्याच मुलाची वही पाहत होते. मुलगा एका शब्दावर घसरला आणि ते मान वर न करता 'हूं?' म्हणाले. मुलगा दोन शब्द मागे गेला, दुरुस्त करून पुढे निघाला.

रमजानात तरावीहच्या नमाजेत हीच तपासणी सगळ्यांसमोर होते. इमाम चुकला तर मागे उभा असलेला दुसरा हाफिज तिथल्या तिथे शब्द पुरवतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. महिन्याभरात तीसही पारे (कुराणाचे तीस भाग) असे म्हणून होतात, आणि हे दर वर्षी, हजारो मशिदींत. या मजकुराची सर्वांत मोठी राखण कुठल्याही संग्रहालयाच्या काचेआड नाही, ती इथे आहे.

शिष्टाचाराचं एक सांगते. मी टिपणं काढता काढता वही मुसहफवर ठेवली. कुणी काही बोललं नाही. हाफिजसाहेबांनी ती अलगद उचलून शेजारी ठेवली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मुसहफवर काही ठेवायचं नाही, तो जमिनीवर ठेवायचा नाही, आणि हात लावण्याआधी विचारायचं.

2. कालपट वहीत स्वतः काढा

आयता तक्ता उतरवू नका, काढताना चुका होतात त्यातूनच कळतं. माझी चूक ऐका. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतं, ही मोडीवाल्यांची सवय. मी तीच हिजरी सनाला लावली. यमामाची लढाई हिजरी 12 ची धरली आणि ती इसवी 611 मध्ये, म्हणजे हिजरतीच्याही (पैगंबर मक्का सोडून मदिन्याला गेले ते 622 साल) अकरा वर्षं आधी जाऊन बसली! हिजरी वर्ष चांद्र आहे, लहान आहे. हिजरी आकड्याला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा, साधारण साल येतं. 12 चे 633 येतात.

वहीत एवढे टप्पे असले की पुरे.

610 ते 632: मक्का आणि मदिना. पैगंबर मुहंमदांना टप्प्याटप्प्याने आयती (कुराणातली वचनं) मिळाल्या. लोक त्या पाठ करत आणि लेखनिक लिहूनही घेत. झैद इब्न साबित हे त्यांतले प्रमुख.

633 च्या सुमारास: यमामाच्या लढाईत अनेक पाठ करणारे मारले गेले. उमर यांच्या आग्रहावरून खलिफा अबू बकर यांनी झैदना सगळं एकत्र करायला सांगितलं. खजुराच्या फांद्यांचे देठ, पातळ पांढरे दगड आणि माणसांची स्मरणशक्ती यांतून त्यांनी ते जमवलं. ती पानं अबू बकर यांच्याकडून उमर यांच्याकडे आणि मग उमर यांची मुलगी आणि पैगंबरांची पत्नी हफसा यांच्याकडे राहिली.

650 च्या सुमारास: आर्मेनिया आणि अझरबैजानच्या मोहिमेवर सीरियाचे आणि इराकचे सैनिक पठणावरून वाद घालताना हुझैफा इब्न अल-यमान यांनी पाहिले. ते खलिफा उस्मान यांच्याकडे गेले. उस्मान यांनी हफसांची पानं मागवली, झैद आणि तीन कुरैशी मंडळींकडून प्रती करवून घेतल्या, त्या मुख्य शहरांना पाठवल्या आणि बाकीच्या प्रती जाळायला सांगितल्या.

इथे पेन्सिलीने समासात एक टीप लिहा: ही हकीकत आपल्याला हदीसच्या (पैगंबर आणि त्यांचे सोबती यांच्याबद्दलच्या आठवणींच्या) संग्रहांतून मिळते. त्यांतला सर्वांत मानाचा संग्रह करणारे बुखारी 870 मध्ये वारले. म्हणजे घटना आणि आपल्या हातातलं पुस्तक यांत दोन शतकं आहेत, मधला दुवा सांगणाऱ्यांच्या साखळीचा. यावरून 1970 च्या दशकात काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी असंही मांडलं, की कुराणाचा मजकूरच दोनशे वर्षांनी पक्का झाला. पण पहिल्या शतकातली पानं एकेक करून वाचली गेली, आणि ते मत धरून ठेवणं अवघड झालं. पानं पाहायची ती यासाठी.

3. अक्षरांचा सांगाडा ओळखा

मोडी येत असेल तर इथे तुम्ही चार पावलं पुढे आहात. मोडीत 'दिन' आणि 'दीन' सारखेच लिहितात, शब्द कुठे तुटतो तेही लिहिणारा सांगत नाही. तरी वाचणारा अडत नाही, कारण भाषा त्याला येते. जुनी अरबी लिपी तशीच. नुसता व्यंजनांचा सांगाडा लिहायचा, त्याला रस्म म्हणतात. जेर, जबर, पेश या स्वरांच्या खुणा नाहीत. नुक्ते, म्हणजे व्यंजनं वेगळी ओळखायची टिंबं, क्वचित. शब्दाच्या मध्ये आलेला ब, त, स (तीन नुक्त्यांचा), न आणि य, पाचही नुसता एक दाता.

सराव असा करा. छापील प्रतीतून फातिहा सूरा (कुराणाचा पहिला अध्याय) वहीत उतरवा, पण एकही नुक्ता आणि एकही मात्रा न देता. दुसऱ्या दिवशी ती वाचायचा प्रयत्न करा. पाठ असेल तर सरळ वाचाल, नसेल तर दुसऱ्या शब्दावर थांबाल. पहिली पायरी ऐकण्याची का ठेवली ते तेव्हा पटेल.

खुणा नंतर आल्या. स्वरांसाठी रंगीत टिंबांचं श्रेय परंपरा अबुल अस्वद दुअली यांना देते, आजच्या जेर-जबरच्या आकारांचं खलील इब्न अहमद यांना. इथे हमखास फसायला होतं. जुन्या कूफी लिपीतल्या पानांवर लाल गोल टिंबं दिसतात, ती नुक्ते नव्हेत, ते स्वर आहेत. वर जबर, खाली जेर, पुढे पेश. नुक्ते असलेच तर शाईच्या बारीक तिरप्या रेघांसारखे असतात. मी लाल टिंबांना नुक्ते समजून एक अख्खी ओळ भलतीच वाचली होती आणि वर ती कौतुकाने दाखवलीही होती.

4. पाठभेद: मालक की मलिक?

फातिहाची एक ओळ घ्या. आपल्याकडे म्हणतात 'मालिकि यौमिद्दीन', न्यायाच्या दिवसाचा मालक. मोरोक्कोतल्या मशिदीत ऐकाल 'मलिकि यौमिद्दीन', न्यायाच्या दिवसाचा राजा. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. घराचा मालक आणि मलिक अंबर, दोन्ही शब्द आपल्याकडे कधीच आलेले आहेत. सांगाड्यात दोन्ही एकच: मीम, लाम, काफ. दोन्ही पाठ परंपरेला मान्य आहेत.

हे कुणी मनाने ठरवलेलं नाही. इब्न मुजाहिद (निधन 936) यांनी सात प्रमाण पाठक निवडले: मदिन्याचे नाफे, मक्केचे इब्न कसीर, बसऱ्याचे अबू अम्र, दमास्कसचे इब्न आमिर आणि कूफ्याचे आसिम, हमझा आणि किसाई. पुढे इब्न अल-जझरी (निधन 1429) यांनी आणखी तीन पक्के केले. भारतात चालतो तो आसिम यांचा पाठ, त्यांचे शिष्य हफ्स यांच्या मार्गाने. मोरोक्को-अल्जीरियात नाफे यांचा, वर्श यांच्या मार्गाने.

काही भेद टिंबांचे आहेत. 49व्या सूरेत बातमी आणणाऱ्याबद्दल सांगितलंय: 'फतबय्यनू', खातरजमा करा. हमझा आणि किसाई म्हणतात 'फतसब्बतू', घाई करू नका. सांगाडा तोच. थोडे भेद सांगाड्यातलेही आहेत, आणि ते खलिफा उस्मान यांनी पाठवलेल्या प्रतींतच होते. 57व्या सूरेच्या 24व्या आयतीत 'हुव' हा छोटा शब्द मदिना आणि सीरियाच्या प्रतींत नाही, इतरांत आहे. जुन्या विद्वानांनी अशा जागांच्या याद्याच करून ठेवल्या. आज एखादं जुनं पान कुठल्या शहराच्या घराण्यातलं, हे ठरवायला त्याच याद्या कामी येतात.

'सात हर्फ' (कुराण ज्या सात रूपांत उतरलं असं सांगतात ती) आणि 'सात किरात' (वरच्या सात पाठकांचे पाठ) एकच समजू नका. हर्फांचा उल्लेख हदीसमध्ये आहे, किरातींची निवड तीन शतकांनंतरची. योगायोगाने आकडा तोच, आणि या आकड्याने भल्याभल्यांना चकवलंय.

5. छापील प्रतींचे चकवे

इथे थोडक्यात.

मदिन्याच्या प्रतीत 'सिरात' या शब्दात 'रा'वर खडा जबर (छोटी उभी रेघ) आहे, आपल्याकडच्या प्रतीत तिथे पूर्ण अलिफ. मला वाटलं, शोध लागला! तो फक्त लेखनपद्धतीचा फरक आहे, उच्चार एकच.

आयतींचे क्रमांक सगळीकडे सारखे नाहीत. कूफ्याच्या गणनेत 6236 आयती, वर्शच्या प्रतींत 6214. मजकूर तोच, तोडायची जागा वेगळी. फातिहात कूफ्याच्या गणनेने बिस्मिल्ला ही पहिली आयत, वर्शच्या प्रतीत ती मोजत नाहीत. एकोणिसाव्या शतकातले युरोपी अभ्यासक 1834 ची फ्ल्यूगेल यांची प्रत वापरत, तिचे क्रमांक आणखी वेगळे. जुन्या लेखातला संदर्भ जुळत नसेल तर पाच-सहा आयती मागेपुढे पाहा. आपल्याकडे तोंडातोंडी चालणारा 6666 हा आकडा मात्र कुठल्याच गणनेत बसत नाही.

आज जगभर दिसणाऱ्या छपाईला वळण लागलं ते 1924 च्या कैरोच्या प्रतीने. ती हफ्स पाठाची होती, म्हणून तो पाठ आणखी पसरला. तिला 'मूळ प्रत' म्हणू नका.

कोकणातल्या वाचकांसाठी: 22व्या सूरेच्या 77व्या आयतीशेजारी समासात इमाम शाफई यांच्या मते इथे सजदा (जमिनीला कपाळ टेकणं), अशी टीप दिसेल. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई, घाटावरचे बहुतांश हनफी, हे धर्मशास्त्राचे दोन संप्रदाय. तो मजकुरातला भेद नाही.

6. आता एकच पान उघडा

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहातली दोन पानं घ्या. त्यांची चित्रं मोफत पाहता येतात. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात याच प्रतीची आणखी सोळा पानं आहेत, तीही ऑनलाइन आहेत. 'कॉर्पस कोरानिकम' या जर्मन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आयतीचा क्रमांक दिला, की त्या आयतीची जुनी पानं समोर येतात.

दुसरं पान काढा. पुढच्या बाजूला 19वी सूरा संपते आणि 20वी, ताहा, सुरू होते. शेजारी छापील प्रतीत 20वी सूरा उघडून ठेवा. पहिल्याच दिवशी ओळीने वाचू नका, एक शब्द शोधा: 'मूसा'. मीमचा लहान गोळा, वावची शेपटी, मग सीनचे तीन दाते, शेवटी 'या'. मूसांची गोष्ट 9व्या आयतीपासून सुरू होते आणि नाव पुन्हा पुन्हा येतं. ते एकदा सापडलं की त्याच्या मागचे-पुढचे शब्द छापील प्रतीवरून जोडत जा. मला पहिला 'मूसा' सापडायला पाऊण तास लागला, दुसरा चार मिनिटांत सापडला.

अडचणी कुठे येतात? उंच अक्षरं उजवीकडे कललेली असतात, ती हिजाझी या जुन्या लिपीची ओळख. ओळीच्या शेवटी शब्द निम्म्यातच तुटून पुढच्या ओळीवर जातो. दोन अक्षरगटांतली आणि दोन शब्दांतली मोकळी जागा सारखीच. आणि 'काल' (तो म्हणाला) हा शब्द हिजाझी पानांत अनेकदा अलिफ न देता लिहिलेला असतो, त्यामुळे 'कुल' (सांग) आणि 'काल' सारखेच दिसतात. कोणता, ते संदर्भावरून.

मी लॅपटॉप घेऊन हाफिजसाहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे मला वाचता येत नाही." मी म्हटलं, ताहा आहे. ते ताहा म्हणू लागले, सावकाश, आणि मी स्क्रीनवर बोट सरकवत गेले. 'व मा तिल्क बियमीनिक या मूसा', मूसा, तुझ्या उजव्या हातात काय आहे? या आयतीशी त्यांनी माझं बोट थांबवलं, स्वतः स्क्रीनवर वाकले आणि त्यांनाच दाते दिसायला लागले. "हां, हा सीन." त्यापुढे आम्ही दोघांनी मिळून वाचलं. पान 40व्या आयतीत संपलं, त्यांचं म्हणणं चालूच राहिलं.

काळाबद्दल बोलताना जपून. या पानांच्या कातड्याची कार्बन चाचणी 2015 मध्ये जाहीर झाली. 95.4 टक्के शक्यतेने काळ 568 ते 645. यावरून जनावर केव्हा मेलं ते कळतं, शाई केव्हा लागली ते नाही. 'अबू बकर यांची प्रत सापडली' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

7. येमेनच्या सना शहरातलं पान, पण आत्ता नाही

1972 मध्ये सनाच्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत छताच्या पोकळीत जुन्या पानांचा ढीग मिळाला. त्यांतली काही पानं एकदा खरवडून दुसऱ्यांदा लिहिलेली आहेत. वरचा मजकूर उस्मान यांच्या प्रतींच्या घराण्यातला. खालचा, पुसट उरलेला, वेगळ्या घराण्यातला: त्यात 11व्या सूरेनंतर 8वी, 9वी आणि मग 19वी येते. शब्दांचेही भेद आहेत. 2:196 मध्ये प्रचलित मजकूर सांगतो, कुर्बानी पोहोचेपर्यंत डोकी भादरू नका. खालच्या मजकुरात 'डोकी' हा शब्द नाही. पैगंबरांच्या काही सोबत्यांच्या, उदाहरणार्थ इब्न मसऊद यांच्या, प्रती वेगळ्या होत्या असं मुस्लिम परंपरा स्वतःच सांगते. त्या जातीची प्रत डोळ्यांनी पाहायला मिळते, हे या पानांचं मोल. दुसरा, नवाच ग्रंथ त्यातून निघत नाही.

सहावी पायरी पक्की होईपर्यंत या पानांना हात लावू नका. दोन मजकूर एकमेकांवर असतात, नवख्याला वरची रेघ खालची वाटते.

8. प्रत्यक्ष हस्तलिखित पाहायचं असेल तर

भारतात हैदराबादचं सालारजंग संग्रहालय, पाटण्याचं खुदाबख्श ग्रंथालय आणि रामपूरचं रझा ग्रंथालय इथे कुराणाची जुनी हस्तलिखितं आहेत. काचेतली कुणालाही दिसतात. मांडीवर घेऊन पाहायची असतील तर आधी अर्ज करावा लागतो. सोबत ठेवा: ओळखपत्र आणि त्याच्या दोन छायाप्रती, एखाद्या संस्थेचं किंवा प्राध्यापकांचं शिफारसपत्र, हस्तलिखिताचा यादीतला क्रमांक आणि पेन्सिल. शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत. मी एका ठिकाणी क्रमांक न घेता गेले आणि दिवसभर सूचीच चाळून परत आले.

पाटीवर 'हजरत अलींच्या हातची' किंवा 'हजरत उस्मान यांची' असं लिहिलेलं दिसलं, तर ती श्रद्धेची नोंद म्हणून वहीत घ्या. इस्तंबूल आणि ताश्कंदच्या ज्या प्रती उस्मान यांच्या म्हणून दाखवतात, त्याही लिपीवरून पाहता नंतरच्या ठरतात. लिपी पाहा, लाल टिंबं आहेत का पाहा, आयतींच्या शेवटच्या खुणा पाहा. आणि पान कुठल्या सूरेचं आहे ते ओळखता आलं नाही तर चार शब्द कागदावर उतरवून आणा. हाफिजसाहेबांपुढे ते म्हणून दाखवले की पुढचा शब्द ते सांगतील, सूरा आणि पारा धरून.